पंपमामांचा कोपरा

शेतावर त्यांना सगळे पंपमामा म्हणत. कार्यशाळेच्या हजेरीपटावर त्यांचे नाव वेगळे होते, घरी ‘अहो’वर भागत असे, पण रविवारी सकाळी कुंपणाचे फाटक ढकलून आत पाऊल टाकले की ते पंपमामा. हे नाव ज्या बायकांनी ठेवले त्यातल्या निम्म्या आपले वाफे लेकीसुनांकडे सोपवून कायमच्या निघून गेल्या होत्या. नाव तेवढे टिकले.

शेत कुणा एकाचे नव्हते. वस्तीच्या कडेला, रेल्वेचे रूळ आणि कालवा यांच्या मध्ये सापडलेला तो एक लांबट तुकडा. त्याचे बेचाळीस वाफे पाडलेले आणि बेचाळीस घरांना वाटून दिलेले. वाफा ज्याचा त्याचा. पण पाण्याचा नळ एक, अवजारांची खोली एक, आणि औषध फवारायचा पाठीवरचा पंप एक. हा पंप सारखा रुसून बसे. मामा पाणीपुरवठा खात्यात फिटर. वॉशर बदलणे, नळी साफ करणे म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. आधी पंप दुरुस्तीला त्यांच्याकडे आला, मग ‘पाठीवर घेतलाच आहे तर मारूनही द्या’ असे कुणीतरी म्हणाले, आणि त्यानंतर एकतीस वर्षे दर दुसऱ्या रविवारी मामा बेचाळीस वाफ्यांतून औषध मारत फिरले. कुणी सांगितले म्हणून नव्हे. आपल्यावाचून शेताचे अडते, ही गोष्ट माणसाला फार दूरवर चालवते.

मामा कामाला नेटके होते. त्यांचा नेटकेपणा शेतावर दाखला देण्यासारखा होता. वारा असला की ते थांबत. शेवटच्या वाफ्याला कमी पडू नये म्हणून नेहमी लिटरभर औषध जास्त कालवत. आणि काम झाल्यावर पंप कधीही नळावर धूत नसत. नळावर लोक भाजी धुतात, तिथले पाणी गटारातून कालव्यात जाते, हे त्यांना कळत होते. म्हणून ते दोन बादल्या पाणी उचलून अवजारांच्या खोलीमागच्या कोपऱ्यात नेत. तिथे कुणाचा वाफा नव्हता. उरलेले औषध तिथे ओतायचे, पंप तीनदा विसळायचा, ते पाणीही तिथेच, मग पंप उलटा टांगायचा. एकतीस वर्षांत यात एकदाही चुकारपणा झाला नाही.

मग त्यांचे हात कापायला लागले. आधी उजवा, वर्षभराने डावाही. डॉक्टरांनी बोटे दाबून पाहिली, नाकाला बोट लावायला सांगितले, काय काम करता म्हणून विचारले. मामांनी नोकरीचे सांगितले, आणि सहज म्हणून फवारणीचेही सांगितले. डॉक्टरांनी मान वर करून पाहिले. “त्यामुळेच असं म्हणता येत नाही,” ते म्हणाले, आणि जरा थांबून, “आणि त्यामुळे नाही, असंही म्हणता येत नाही.” मामांनी पंप टांगला तो टांगलाच. दुसऱ्या कुणी पाठीवर घेतला नाही, आणि समितीने मग फवारणीच बंद करून टाकली.

समितीच्या प्रमुख सिस्टरबाई. चाळीस वर्षे रुग्णालयात परिचारिका होत्या, त्यामुळे सगळ्या शेतावर त्या सिस्टरबाई. बोलणे मोजके, आवाज खाली, आणि एकदा ठरवले की ठरवले.

मामांच्या मनात पहिली ठिणगी पडली ती मात्र बायकोमुळे. मामी वाफ्यात भोपळा लावत. वेल माजत, फुले येत, पिवळीजर्द, हाताच्या पंजाएवढी. पण फुलाखालचे लिंबाएवढे भोपळे पिवळे पडून गळून जात. गेली दहा-बारा वर्षे सगळ्यांकडे असेच होते. म्हणून बायका भल्या सकाळी येऊन नर फुलातले पराग मऊ कुंचल्याने उचलत आणि मादी फुलाला लावत. मामा एका सकाळी बांधावर रिकामेच बसले होते. हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. मामी वाकून एकेका फुलात कुंचला फिरवत होत्या.

“केवढं किचकट काम आहे गं हे,” मामा म्हणाले.

“किचकटच. ज्यांचं काम होतं त्यांना तुम्ही घालवलंत, आता ते माझ्या कंबरेला आलं.”

मामींनी हे टोचायला म्हटले नव्हते. दुसऱ्या क्षणी त्या “ती पिशवी द्या इकडे” म्हणाल्या. पण मामांना पिशवी देणे सुचले नाही.

त्यानंतर ते वाचनालयात जाऊ लागले. तिथे एक पत्रक मिळाले, ते त्यांनी भिंग लावून सात-आठ वेळा वाचले. मधाच्या पेट्यांतल्या माश्या वेगळ्या आणि इथल्या मूळच्या रानमाश्या वेगळ्या, हे त्यांना साठीनंतर कळले. या रानमाश्या पोळे करत नाहीत. एकेकटी माशी आपले घर आपण करते. कुणी उघड्या मातीत बीळ पाडते, कुणी वाळक्या पोकळ काडीत. मामांनी त्यांना आपली नावे ठेवली: मातीवाली आणि काडीवाली. त्यांना लागतात त्या इथल्याच मातीतल्या फुलझाडांच्या जाती, सतत काही ना काही फुललेले, थोडी उघडी जमीन, आणि कापून न टाकलेल्या जुन्या काड्या. थोडक्यात, नेटका माणूस जे जे साफ करतो ते ते.

समितीपुढे मामांनी रानमाश्यांच्या फुलझाडांसाठी कुंपणालगत मधोमध दहा हात जागा मागितली. लोक हसले. रागाने नव्हे, हसूच आले त्यांना.

“मामा, जन्मभर त्यांना स्वर्गात धाडलंत, आता परत बोलावणं कशाला?” निवृत्त पोस्टमन म्हणाला. तो मामांचा शेजारवाफेवाला, तोंडाचा फटकळ, मनाचा बरा. “आणि येतील कशावरून? पत्ता बदललाय त्यांचा!”

“तण लावणार म्हणजे आमच्या वाफ्यांत बी पडणार,” कुणीतरी म्हणाले. कोपऱ्याला लागून जिचा वाफा होता ती शिंपीणबाई मात्र म्हणाली, “द्या हो त्यांना जागा. इतकी वर्षं आपल्यासाठी राबले.”

सिस्टरबाईंनी कुंपणाची जागा नाकारली आणि खोलीमागचा कोपरा देऊ केला. तो कुणालाच नको होता. दोन वर्षांची मुदत. भोपळा आपोआप धरला नाही तर झाडे काढायची.

कोपरा! मामांना त्या क्षणी आठवले नाही असे नाही. आठवले. पण तिथे आता गवत उगवले होते, कडेला रानटी वेलही चढला होता. जिथे गवत उगवते तिथे विष कसले, असे त्यांनी स्वतःला सांगितले. आणि खरे सांगायचे तर त्यांना ते आवडलेच. जिथे ओतले तिथेच फुलवायचे. मनाला हे इतके बरोबर वाटले की मातीला विचारायचे राहून गेले.

बी गोळा करायला त्यांना एक हंगाम लागला. रेल्वेचे कुंपण, कालव्याचा काठ, स्मशानाची मागची भिंत, जिथे कुणी फावडे मारत नाही तिथे ते पिशवी घेऊन फिरत. झाडांची खरी नावे त्यांना ठाऊक नव्हती. पाकिटांवर थरथरत्या अक्षरात लिहिलेले असे: ‘रुळाकडची पिवळी’, ‘कालव्याची निळी, उंच’, ‘पोकळ दांडीची’, ‘भिंतीची, वास येतो’.

पहिल्या वर्षी कोपऱ्यात नुसती पाने. पोस्टमन येताजाता थांबे. “मामा, तण कसं आलंय? आमच्याकडचंच उपटून दिलं असतं, टोपलीभर!”

“तुझं तण परदेशी आहे,” मामा म्हणत. “मला इथलं जुनं खानदान हवंय.”

दुसऱ्या वर्षी, थंडी संपता संपता, रुळाकडची पिवळी फुलली. मग भिंतीची, मग कालव्याची निळी छातीएवढी उंच होऊन उभी राहिली. मधे मामांनी चटईएवढी जमीन उघडी ठेवली होती. तिथे एका सकाळी त्यांना पेन्सिल टोचल्यासारखे एक भोक दिसले आणि भोवती चाळलेल्या मातीचा चिमूटभर ढीग. ते गुडघ्यांवर बसून राहिले. अर्ध्या तासाने एक लहानशी, राखाडी केसांची माशी आली. पाय परागांनी इतके भरलेले की पिवळी विजार घातल्यासारखी दिसत होती. ती सरळ त्या भोकात शिरली, स्वतःच्या दारात शिरावे तशी.

मामा घरी येऊन म्हणाले, “आली.”

“कोण आली?” मामी म्हणाल्या, आणि मग त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. भाजी परतत होत्या ती करपली.

पंधरा दिवसांत सत्तावीस भोके झाली. आणि एका रविवारी शिंपीणबाई ओरडतच आली, तिच्या वेलावर कुंचला न लावता भोपळा धरला होता. मग लोक रांगेने कोपरा पाहायला आले. पोस्टमनने कान पकडले. सिस्टरबाई बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मामा, हे सगळ्या शेतभर व्हायला हवं.” त्यांनी लगेच ठरवले: पुढच्या रविवारी प्रत्येक घराने कोपऱ्यातले एकेक रोप मुळाच्या मातीच्या गोळ्यासकट न्यायचे आणि आपल्या वाफ्याच्या कडेला लावायचे. दोन वर्षांत सगळे बांध फुलतील.

सोमवारी मामांना उघड्या जमिनीवर चार मेलेल्या माश्या दिसल्या. मुंग्यांचे काम असेल. मंगळवारी नऊ. ऊन फार झाले असेल, त्यांनी सावलीला फांदी रोवली. बुधवारी सकाळी एक जिवंत सापडली. उताणी पडून जागच्या जागी गोल फिरत होती. जीभ पूर्ण बाहेर, सहाही पाय थरथरत होते. मामांनी तिला काडीचा आधार दिला. तिने काडी धरली, सोडली, पुन्हा उताणी पडून फिरू लागली.

ही तऱ्हा मामांच्या ओळखीची होती. फवारणीनंतर तासाभराने वाफ्यांच्या मधून परत येताना पायवाटेवर जे दिसायचे ते हेच होते, अगदी हेच. एकतीस वर्षे त्यांनी ते ओलांडून पंप धुवायला कोपऱ्याकडे नेला होता.

पत्रकातले एक वाक्य त्यांनी सात-आठ वेळा वाचले होते आणि सात-आठ वेळा पुढे गेले होते: काही औषधे मातीत वर्षानुवर्षे राहतात, मुळांतून वर चढतात आणि फुलांच्या मधात उतरतात. ते वाक्य आता कोपऱ्यात छातीएवढे उंच, निळे होऊन उभे होते. शेतभरातल्या उरल्यासुरल्या रानमाश्यांना मामांनी बी पेरून, जमीन उघडी ठेवून, आग्रहाने बोलावून आणले होते, नेमके तिथेच.

मेलेल्या माश्या त्यांनी काडेपेटीत घालून घरी आणल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या. मामी घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या.

“अहो, ह्या मेलेल्या माश्या इथं कशाला?”

“कोपऱ्यातल्या आहेत.”

“मग? मरतातच की कधीतरी.”

“अशा नाही मरत.” मामा खुर्चीत बसले. “पंप मी तिथंच धूत होतो.”

मामींच्या हातातली शेंग अर्धी मोडून राहिली. “तीन वर्षं झाली त्याला.”

“आधीची एकतीस धर ना.”

मग मामी म्हणाल्या, “आणि रविवारी सगळे रोपं नेणार.”

“मातीसकट.”

“सांगणार आहात?”

मामांनी काडेपेटी जरा जवळ ओढली. मामी पुन्हा शेंगा मोडू लागल्या, पण सावकाश, एकेक. “तुम्ही नाही सांगितलंत तर कुणाला कळायचं नाही,” त्या म्हणाल्या. त्या तसे करा म्हणत नव्हत्या, तसे करू नका असेही म्हणत नव्हत्या. जे होते ते फक्त टेबलावर ठेवत होत्या, काडेपेटीशेजारी.

गुरुवारी मामा सिस्टरबाईंच्या घरी गेले. त्यांनी दारातच सुरुवात केली, “बाई, रोपं अजून कोवळी आहेत. हलवली तर जगायची नाहीत. पुढच्या वर्षी बघू.”

“मामा, उन्हाळा चढायच्या आत हलवा, हे तुम्हीच मला पत्रकात दाखवलंत. खूण केलीय तुम्ही. आत या, पाणी घ्या. चेहरा का उतरलाय? औषधं वेळेवर घेता ना?”

“घेतो.”

“मग झालं तर. पहिलं रोप तुमच्याच हातून काढायचं ठरवलंय आम्ही. नाही म्हणायचं नाही.”

मामा पाणी पिऊन परत आले. शुक्रवार गेला. शनिवारी त्यांनी कोपऱ्यातून पंधरा माश्या उचलल्या, आणि त्यातल्या दोन काडीवाल्या होत्या.

रविवारी कुंड्या, बादल्या, फुटकी घमेली घेऊन लोक जमले. सणाला जमावे तसे. शिंपीणबाई नातीला घेऊन आली होती. पोस्टमन नव्या टोपीत होता. “चला मामा, वाटप सुरू करा! घरपोच द्यायचं असेल तर पत्ते मला पाठ आहेत,” तो म्हणाला आणि सगळे हसले. सिस्टरबाईंनी दोन वाक्ये बोलून मामांच्या हातात फावडे दिले. फावडे मामांच्या हातात थडथडू लागले. लोकांना ते रोजचेच होते. कुणीतरी आधाराला पुढे आले.

“थांबा,” मामा म्हणाले. “रोपं नेऊ नका कुणी.”

“आता काय! लेकी सासरी धाडायला जड जातंय का?” पोस्टमन.

“माती खराब आहे.” मामांनी तेच पुन्हा सांगितले, मोठ्याने. “माती खराब आहे इथली. पंप इथं धूत होतो मी. उरलेलं औषध इथंच ओतायचो. सगळी वर्षं. ते अजून आहे. झाडात चढलंय. माश्या मरताहेत.” त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, पण बोटांना ती उघडता येईना. मामींनी पुढे होऊन ती उघडली आणि सिस्टरबाईंपुढे धरली.

पोस्टमनने टोपी काढली आणि उगाच तिच्या आत पाहिले. मग शिंपीणबाईचा आवाज आला, अगदी हळू.

“माझा वाफा याला लागून आहे.”

“हो,” मामा म्हणाले.

“तिथली गाजरं मी घरी नेते. हिला कच्ची देते खायला.” तिचा हात नातीच्या डोक्यावर होता. “तुम्हाला माहीत होतं?”

मामांनी खोटे बोलायचे नाही असे ठरवले होते; पण खरे नेमके किती, हे शोधायला त्यांना वेळ लागला. “इथं धूत होतो ते माहीत होतं. असं होईल ते नव्हतं माहीत. विचार केला नाही.”

“एकतीस वर्षं.”

“एकतीस.”

शिंपीणबाईने रिकामी बादली उचलली, नातीचे मनगट धरले आणि ती फाटकाकडे चालू लागली. जागा द्या म्हणणारी ती एकटी होती. त्या दिवसानंतर ती मामांशी कधी बोलली नाही.

“औषध सगळ्यांनी मागितलं होतं,” सिस्टरबाई लोकांकडे वळून म्हणाल्या. “कीड दिसली की मामांना निरोप कोण धाडायचं? मी धाडलेत. जरा सढळ हाताने मारा, असंही मी म्हटलंय.” काहींनी माना खाली घातल्या, काहींनी घातल्या नाहीत. कुणीतरी मागून म्हणाले, “मागितलं होतं ते किडीसाठी. आमच्या ताटात ओता असं नव्हतं सांगितलं.”

तिथेच ठरले: रोपे कुणी न्यायची नाहीत. फुले ताबडतोब कापायची, झाडे पिशव्यांत भरायची, कोपरा झाकायचा. पालिकेचा माणूस माती तपासायला येईपर्यंत कोपऱ्यातच काय, शेजारच्या तीन वाफ्यांतही कुणी पाऊल टाकायचे नाही. शिंपीणबाईचा वाफा त्यातच होता. तिची मिरची तिथेच लाल होऊन वाळली.

कापायचे काम मामांनी मागून घेतले. पोस्टमन मदतीला आला, विनोद न करता. तो कापायचा आणि मामा पिशव्यांची तोंडे धरायचे. उमललेली फुले आधी, मग कळ्या, मग दांडे. माश्या येत होत्या. कालच्या फुलाच्या जागी येऊन त्या हवेत थांबत, थोड्या खाली-वर होत, जणू खुंटीवरचा कपडा कुणी काढून नेला आहे. “जा गं,” पोस्टमन हाताने हाकलत म्हणाला. “मामा, हिला दुसरीकडे आहे का काही?”

“नाही,” मामा म्हणाले. “म्हणूनच तर लावलं होतं.”

बुधवारी संध्याकाळी जेवताना मामी अचानक म्हणाल्या, “माझ्या वाफ्याच्या कडेला दोन हात जागा आहे. घेवडा निघाला की मोकळी होते.”

“ह्या झाडांचं बी वापरता नाही यायचं. परत पहिल्यापासून गोळा करावं लागेल. रुळाकडनं.” मामांनी आपल्या पायांकडे पाहिले. या वर्षात चालणेही कमी झाले होते.

“मी जाईन. कुठली कुठली ते सांगा.”

“तुला ओळखू यायची नाहीत.”

“तुम्ही लिहून द्या, मी ओळखीन,” मामी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम चढला. “आणि मी तुमच्यावर उपकार करतेय असं तोंड करू नका. मला राग आलाय तुमचा. पुष्कळ आलाय. एकतीस वर्षं तुमचे ते कपडे मी हातांनी धुतलेत.” त्या ताट उचलून निघून गेल्या, आणि बराच वेळ नळाचे पाणी वाहत राहिले.

मामांनी यादी लिहायला घेतली. चौथ्या नावापर्यंत अक्षर लागत होते, पुढचे त्यांनाच लागेना.

शनिवारी सकाळी सिस्टरबाई ताडपत्री घेऊन आल्या. कोपरा आता बोडका झाला होता, फक्त मधली उघडी जमीन आणि तिच्यावरची भोके. बहुतेक भोकांच्या तोंडाशी माती कोसळली होती. सहा-सात अजून वाहती होती.

“आत आहेत बाई,” मामा म्हणाले. “अंडी आहेत. पराग साठवून ठेवलेत पोरांना खायला. पुढच्या वर्षी बाहेर येतील.”

“तेच पराग?”

“हो. इथल्याच फुलांचे.”

सिस्टरबाई भोकांकडे पाहत राहिल्या. असे प्रश्न खाटांच्या कडेला उभे राहून पुष्कळांनी त्यांना विचारले असतील. आवाज तसाच होता. “त्यातलं एखादं जगेल, मामा?”

“एखादं जगेलही. सांगता येत नाही.”

“आणि झाकलं नाही तर?”

“तर ह्या रोज येत राहतील. दुसऱ्याही येतील. जमीन उघडी दिसली की येतातच.”

“मग तुम्ही सांगा,” सिस्टरबाई म्हणाल्या. “मी नाही सांगणार. तुमच्या आहेत त्या.”

मामांनी ताडपत्रीचे एक टोक धरले. हात इतके कापत होते की कापडाचा फडफड आवाज होत राहिला. दोघांनी ती ओढून पसरली. कडांवर दगड ठेवायचे होते ते सिस्टरबाई एकेक आणत होत्या. एक कड अजून मोकळी होती, तिच्यावर मामा बूट रोवून उभे राहिले.

तेवढ्यात ती आली. राखाडी, पाय पिवळे भरलेले. कालव्यापलीकडून कुठून तरी तिने ते भरून आणले असणार, कारण इथे आता काहीच नव्हते. जिथे तिचे दार होते त्या जागेवर ती उतरली. ताडपत्रीवरून दोनदा गोल चालली. मग कडेशी आली आणि मामांच्या बुटाशेजारी कापड आणि माती यांच्यामध्ये जी बारीक फट होती तिच्यात डोके घालू लागली.

मामांनी पायावर भार दिला. फट मिटली.

ती बाजूला सरकून दुसरीकडे शोधू लागली. मामाही तेवढेच सरकले. असे तीनदा झाले.

“ठेवू दगड?” सिस्टरबाईंनी मागून विचारले.

“थांबा जरा,” मामा म्हणाले. “जाऊ दे तिला.”

ती बराच वेळ गेली नाही. मामा पाय न उचलता उभे राहिले.